सुट्टीतला आराम किती दिवस टिकतो? जाहिरातीच्या एका वाक्यापासून संशोधन-प्रश्नापर्यंत



एप्रिल लागला की दर्यापुरात दुपारचे रस्ते ओस पडतात. कूलरसमोर बसून मोबाईल उघडावा, तर नेमक्या तेव्हाच जाहिराती येतात. नारळी-पोफळीच्या गावात, समुद्राला लागून आलिशान मुक्काम. दरीच्या काठावर, धुक्यातल्या गावात तीन दिवस, दोन रात्री. फोटो वेगळे, भाडं वेगळं, पण शेवटचं वाक्य ठरलेलं: ताजेतवाने होऊन परता.

बाकी सगळं वर्णन आहे. हे शेवटचं वाक्य मात्र दावा आहे, आणि दावा म्हटला की तो तपासता येतो. आज आपण तेच करणार आहोत. पेट परीक्षा देऊन झाली, आता प्रस्ताव लिहायचाय आणि "विषय सापडत नाही" म्हणून अडलेल्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचा. विषय सगळ्यांनाच सापडतो हो, अडतं ते प्रश्नापाशी.

माझी चूक आधी सांगते

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलं. पीएचडीसाठी पहिला प्रस्ताव लिहिला, त्याचं शीर्षक होतं "चिखलदरा येथील पर्यटनाचा अभ्यास". अमरावती जिल्ह्यातलं आपलं हक्काचं थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीचे मळे, गाविलगड, भीमकुंड, मेळघाटचं जंगल. मला वाटलं, एवढा मालमसाला असल्यावर आणखी काय पाहिजे?

समितीतल्या एका सरांनी विचारलं, "यात प्रश्न कुठे आहे?" मी दहा मिनिटं कीचकदऱ्याची कथा आणि पॉइंटांची नावं सांगितली. ते म्हणाले, "ही सगळी माहिती झाली. तुम्ही काय शोधणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रस्ताव परत आला. पुढचे सहा महिने शीर्षक फिरवून फिरवून लिहिण्यात गेले. चूक कोणाची नव्हती, माझीच होती.

घरी आई भाकरी थापत होती. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले एक सांग, तिथं जाऊन लोकायले खरंच बरं वाटते का? का घरी आल्यावर पुन्हा जसेच्या तसे?"

मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं. नंतर वाचायला बसले तेव्हा कळलं की आईचा हा प्रश्न जगभरात गेली तीसेक वर्षं लोक गंभीरपणे अभ्यासत आहेत. त्यावर शोधनिबंध आहेत, मोजपट्ट्या आहेत, वाद आहेत. आईच्या वाक्यात तुलना होती (तिथं आणि घरी), काळ होता (आल्यावर), आणि मोजायची गोष्ट होती (बरं वाटणं). माझ्या शीर्षकात यातलं एकही नव्हतं. पुढे मी माझा विषय उन्हाळ्यातली उष्णता आणि माणसाचा आराम या दिशेने वळवला, तो या वाक्यामुळेच.

आता हाच प्रश्न पायरी-पायरीने उलगडू.

पायरी १ : "आराम" म्हणजे नेमकं काय?

जो शब्द आपण रोज वापरतो, तोच संशोधनात सगळ्यात जास्त त्रास देतो. आराम म्हणजे झोप? काम नसणं? चिडचिड कमी होणं? प्रत्येकाचा अर्थ वेगळा असेल तर दहा जणांची उत्तरं एकत्र करून उपयोग नाही. म्हणून मोजता येईल अशी व्याख्या करावी लागते. तिला कार्यकारी व्याख्या म्हणतात.

सबीने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या दोघींनी २००७ मध्ये यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. कामानंतर माणूस सावरतो कसा, याचे त्यांनी चार भाग पाडले. पहिला, मनाने कामापासून सुटणं. दुसरा, अंग आणि मन सैल पडणं, म्हणजे आपण ज्याला सरळ आराम म्हणतो ते. तिसरा, काहीतरी नवं जमल्याचं समाधान, जसं पोहायला शिकणं किंवा डोंगर चढून जाणं. चौथा, आपल्या वेळेवर आपला ताबा असणं. प्रत्येक भागाला चार, अशी एकूण सोळा विधानं.

आता जाहिरातीकडे पुन्हा बघा. ती फक्त दुसरा भाग विकते: गादी, स्वीमिंग पूल, नाश्ता. पहिला भाग कोणतंही हॉटेल देऊ शकत नाही. मी स्वतः दोन मैत्रिणींबरोबर चिखलदऱ्याला गेले होते. आलिशान वगैरे काही नाही, साधं लॉज. भीमकुंडाच्या काठावर उभी होते, समोर दरी, खाली ढग, आणि फोन वाजला: प्रकरण दोनचं काय झालं? त्यानंतर मी दरी पाहत होते, पण डोक्यात प्रकरण दोन होतं. शरीर चिखलदऱ्यात आणि मन दर्यापूरच्या टेबलावर. चार भाग वेगळे का पाडायचे, हे मला निबंध वाचून नाही, त्या दुपारी समजलं.

शिकायचं काय? तुमच्या शीर्षकातला सगळ्यात गोड शब्द शोधा (विकास, जागरूकता, गुणवत्ता, आराम) आणि त्याचे मोजता येतील असे तुकडे करा.

पायरी २ : कधी मोजायचं?

समजा, तुम्ही हॉटेलच्या दारात उभं राहून परतणाऱ्या पाहुण्यांना विचारलं, "कसं वाटतंय?" नव्वद टक्के लोक "मस्त" म्हणतील. यातून काय कळलं? काहीच नाही. आधी कसं वाटत होतं ते माहीत नाही, आणि पंधरा दिवसांनी कसं वाटेल तेही माहीत नाही.

मीना वेस्टमन आणि डोव्ह ईडन या इस्रायली संशोधकांचा १९९७ चा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. त्यांनी ७६ कारकुनांची कामातली थकावट पाच वेळा मोजली: सुट्टीआधी दोनदा, सुट्टीत एकदा, परतल्यावर तीन दिवसांनी आणि मग तीन आठवड्यांनी. सुट्टीत थकावट उतरली. तीन दिवसांनी ती थोडी परत चढली होती. तीन आठवड्यांनी ती पहिल्या पातळीवर आली होती. म्हणजे "पुन्हा जसेच्या तसे". आईचा अंदाज बरोबर निघाला.

सुट्टीआधी दोनदा का मोजलं, हा प्रश्न पडायला हवा. समजा, एकदाच मोजलं आणि तो आठवडा नेमका मार्चअखेरचा असला, तर? त्या आठवड्यात थकावट शिगेला पोचलेली असते. ती पुढे सुट्टी न घेताही थोडी उतरणारच. मग उतार सुट्टीमुळे आला की आपसूक, हे सांगता येणार नाही. दोनदा मोजलं की पाया किती स्थिर आहे ते दिसतं. तुमच्या प्रस्तावात "आधीचं मोजमाप" अशी ओळ असेल, तर ते मोजमाप कोणत्या आठवड्यात घेणार हेही लिहा.

एक अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जेसिका डी ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे सात अभ्यास एकत्र करून त्यांचं विश्लेषण केलं. अशा विश्लेषणाला मेटा-अॅनालिसिस म्हणतात. त्यात सुट्टीचा चांगला परिणाम ०.४३ इतका आला, आणि परतल्यावर तो ओसरण्याचा आकडा ०.३८. ओसरायला वेळ लागला दोन ते चार आठवडे.

हे ०.४३ म्हणजे काय? टक्के नाहीत. दोन सरासऱ्यांमधला फरक घ्यायचा आणि त्याला प्रमाण विचलनाने भागायचं, तो हा आकडा. समजा, थकावटीच्या एखाद्या चाचणीत लोकांच्या गुणांचं प्रमाण विचलन १० आहे. मग ०.४३ म्हणजे सरासरी सुमारे चार गुणांचा फरक. आहे, पण डोळे दिपावेत इतका नाही. आणि तो आकडा सातच अभ्यासांवर उभा आहे, हेही विसरायचं नाही. मुलाखतीत कोणी "परिणाम किती?" विचारलं, तर "खूप" किंवा "लक्षणीय" असं उत्तर देऊ नका. आकडा सांगा आणि तो किती अभ्यासांवरून आला तेही सांगा.

पायरी ३ : कोणाशी तुलना?

येरून नावाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ९७४ जण सहलीला गेले होते, बाकीचे गेले नव्हते. जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण सहलीच्या आधी! परतल्यावर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. अपवाद एकच: आमची सहल अगदी निवांत झाली, असं ज्यांनी सांगितलं, त्यांचा आनंद परतल्यावरही थोडा टिकला.

आता यातून घाईघाईने निष्कर्ष काढू नका. सहलीआधी लोक आनंदी का होते? जायच्या उत्सुकतेने असेल. किंवा मुळात ज्यांच्याकडे पैसा, सुट्टी, बरी तब्येत आहे तेच लोक सहलीला जातात, म्हणूनही असेल. दुसरी शक्यता म्हणजे निवडीचा पूर्वग्रह. नुसत्या तुलनेवरून या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

आलिशान हॉटेलच्या बाबतीत तर हा घोळ आणखी वाढतो. गोव्यात सिकेरीच्या किनाऱ्यावर १९७४ मध्ये फोर्ट अग्वाद बीच रिसॉर्ट सुरू झालं. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्लीला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, आणि किनाऱ्यावरच्या गावांत लोकांनी आपल्याच घरात सुरू केलेले न्याहारी-निवासही आहेत. म्हणजे एकाच किनाऱ्यावर महाग खोली, मध्यम खोली आणि घरगुती खोली असे तीन प्रकार मिळतात. वाटतं, झाली की तुलना! तिन्हीकडच्या पाहुण्यांना विचारू, कोण जास्त ताजंतवानं झालं ते.

नाही झाली. महाग खोलीत उतरणारा माणूस आणि घरगुती खोलीत उतरणारा माणूस यांच्यात खोलीशिवाय इतर पन्नास फरक आहेत. एक विमानाने आला, दुसरा रात्रभर एसटीत बसून. एकाला घरी गेल्यावर हप्त्याची चिंता नाही, दुसऱ्याला आहे. परिणाम खोलीचा की खिशाचा, हे कसं ठरवणार? अशा मध्ये घुसणाऱ्या घटकाला गोंधळ करणारा चल म्हणतात, आणि व्हायव्हात तुम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावर येतात.

पायरी ४ : "ठिकाण" हा एक चल नाही

आता माझ्या आवडीचा भाग. जाहिरात म्हणते समुद्र किंवा दरी. आपण विचारायचं, समुद्र आणि दरी माणसाच्या शरीराला नेमकं काय देतात?

दरीचं गणित सोपं आहे. हवा वर जाते तसा दाब कमी होतो, हवा पसरते आणि थंड होते. सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंश, आणि अगदी कोरडी हवा वर चढत असेल तर दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश. दर्यापूर समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास. फरक आठशे मीटर. म्हणजे पाच ते आठ अंश. दर्यापुरात ४४ असेल, तर चिखलदऱ्यात ३६ ते ३९ असा अंदाज निघतो. अंजनगाव, परतवाडा करत घाट चढलात की खिडकीतून येणारा वारा बदलतो, त्यामागे हे आहे. पण हा अंदाज आहे, मोजमाप नाही. झाडी, ढग, वारा, मोजायची वेळ यांनी तो बदलतो. म्हणून माझ्या कामात दोन्ही ठिकाणी तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं सावलीत टांगावी लागतात.

समुद्राचं गणित वेगळं. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं, म्हणून किनाऱ्यावर पारा वऱ्हाडासारखा चढत नाही. पण हवेत बाष्प जास्त. घाम सुकला तर अंग थंड होतं, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. हे मोजायला ओल्या फडक्याचा थर्मामीटर असतो, त्याला वेट-बल्ब तापमान म्हणतात. समजा, दर्यापुरात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. वेट-बल्ब येतं सुमारे २३. किनाऱ्यावर ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के. वेट-बल्ब येतं सुमारे २९. पारा अकरा अंशांनी कमी, आणि तरी घामाच्या दृष्टीने किनारा जड! आपल्याकडे कूलर चालतो आणि कोकणात चालत नाही, त्याचं कारण हेच. याचा अर्थ दर्यापूरचं ऊन सुसह्य आहे असा काढू नका. ४४ अंशांत हवा त्वचेपेक्षा गरम असते, ती अंगात उष्णता घालते, आणि उन्हात काम करणाऱ्याला उष्माघात होतो. अर्थ एवढाच की उष्णता एका आकड्यात मावत नाही.

आता पुढची गंमत. आलिशान हॉटेलात एसी असतो. तारकर्लीच्या खोलीत चोवीस अंश, चिखलदऱ्याच्या खोलीत चोवीस अंश, आणि दर्यापुरात एखाद्या मित्राकडे एसी असेल तर तिथेही चोवीस अंश. मग हवामानाचा फरक उरला कुठे? पाहुणा दिवसातले किती तास खोलीत होता, हे विचारल्याशिवाय "दरीच्या हवेचा परिणाम" असं लिहिताच येत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. तो नंतर घातला.

हवा बाजूला ठेवली तर उरतं ते खिडकीतलं दृश्य. दरी दिसणाऱ्या खोलीचं भाडं जास्त का? त्याने खरंच काही होतं का? इथे रॉजर उलरिक यांचा १९८४ चा, सायन्स या नियतकालिकातला छोटासा निबंध जरूर वाचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, काहींतून विटांची भिंत. वय, लिंग, धूम्रपान, वजन अशा गोष्टी जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडं पाहणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

या अभ्यासाचं बळ कशात आहे, ते ओळखा. रुग्णांनी खोली निवडली नव्हती. जी रिकामी झाली ती मिळाली. हॉटेलात मात्र दृश्य पैसे मोजून निवडलं जातं. म्हणजे तिसऱ्या पायरीवरचा खिशाचा घोळ रुग्णालयात जवळजवळ सुटला होता. आणि मर्यादा कशात आहे? एक रुग्णालय, एक शस्त्रक्रिया, ४६ माणसं. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण म्हणजे पर्यटक नव्हे. "निसर्ग पाहिला की माणूस बरा होतो" असं वाक्य या निबंधाच्या नावावर खपवू नका.

पायरी ५ : आपल्या ऐपतीत कसं बसवायचं?

चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना आलिशान हॉटेलात पाठवायला आपल्याकडे पैसे नाहीत. मग काय करायचं?

एक मार्ग म्हणजे प्रतीक्षा-गट. ज्यांना तसंही जायचंच आहे, अशी माणसं गोळा करा. चिठ्ठी टाकून ठरवा, निम्मे या महिन्यात जातील आणि निम्मे पुढच्या महिन्यात. पहिले जाऊन येतात तेव्हा दुसरे घरीच असतात, आणि तेच तुमचा तुलना-गट. कोणाचं काही हिरावलं नाही, खर्च ज्याचा त्याचा, आणि खिशाचा घोळ दोन्ही गटांत सारखा वाटला गेला.

किती माणसं लागतील? एक अंगठेनियम लक्षात ठेवा. दोन स्वतंत्र गटांत फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात साधारण १६ भागिले परिणामाचा वर्ग, इतकी माणसं हवीत. ०.४३ चा वर्ग ०.१८५. सोळाला त्याने भागा, येतात ८६-८७. म्हणजे दोन्ही मिळून पावणेदोनशेच्या घरात. आता आठवा, आपल्याकडे किती प्रस्तावांत "नमुना : ५०" असं डोळे झाकून लिहिलेलं असतं! पन्नास माणसांवर एवढा लहान परिणाम बहुधा दिसणारच नाही. मग आपण लिहिणार "परिणाम आढळला नाही". परिणाम असेलही कदाचित, पण त्याला पकडायला आपलं जाळं मोठ्या भोकांचं होतं. तीच माणसं वारंवार मोजली तर कमी लोकांत भागतं, म्हणून रोज एक आकडा लिहायची डायरी हे साधन स्वस्त आणि चांगलं आहे.

ती डायरी मी स्वतःवर करून पाहिली. चिखलदऱ्याहून आल्यावर पाच आठवडे रोज रात्री शून्य ते दहामधला एक आकडा. दुसऱ्या आठवड्यातच मी जुन्या आकड्यावर आले होते. हा पुरावा नव्हे, एका माणसाचा अनुभव आहे. पण त्यातून एक कळलं, दहाव्या दिवसानंतर डायरी लिहायचा कंटाळा येतो. तुमच्या सहभागींनाही येणार. ते आधीच गृहीत धरा.

पायरी ६ : नमुन्यात कोण नाही?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती.

वर सांगितलेले अभ्यास पुन्हा पाहा. कारकून, नोकरदार, डच नागरिक. सगळ्यांना "सुट्टी" नावाची गोष्ट आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा ठरवून दिली. शेतातल्या मजुराला असं काही नाही. दर्यापूर तालुक्यात निम्म्याहून जास्त चर्चा कापूस, तूर आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्याची. तिथे कापूस वेचणाऱ्या बाईला कोणती सुट्टी?

प्रश्नावलीचं मराठी करून मी आमच्या गल्लीतल्या एका मावशींना वाचून दाखवली. विधान होतं, सुट्टीत माझं मन कामापासून सुटलं. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "मन कुठं सुटते माय? ढोरायले पाणी कोण पाजते?" भाषांतरात चूक नव्हती. शब्द मराठी होते, व्याकरण बरोबर होतं. पण त्या वाक्यामागचं आयुष्य दुसऱ्या कोणाचं होतं. म्हणून मोजपट्टी नुसती भाषांतरित करून चालत नाही. ती ज्यांना लावायची त्यांच्यात बसून तपासावी लागते.

दुसरा माणूस चिखलदऱ्यातला. आम्ही उतरलो होतो तिथे पाणी भरणारा, खोल्या आवरणारा कोरकू मुलगा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिखलदरा गाड्यांनी भरतं. मी त्याला विचारलं, "तू सुट्टी कधी घेतोस?" तो म्हणाला, "तुमची सुट्टी असते तेव्हाच तर आमचं काम असतं ना ताई." पाहुण्याचा ताण मोजायला आलेली मी, या मुलाचा ताण मोजायचा असतो हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं. एकाची थकावट उतरताना दुसऱ्याची चढते का? हा प्रश्न मला कोणत्याही निबंधाने सुचवला नाही.

आणि तिसरी गोष्ट. मावशींना मी शेवटी विचारलं, "मग तुम्हाला बरं कधी वाटतं?" क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "दिवाळीले माहेरी गेलो का." चार दिवस. आईच्या हातचं आयतं ताट, सकाळी उशिरा उठलं तरी कोणी बोलणार नाही. झोनेनटाग आणि फ्रिट्झ यांचे चार भाग लावून बघा. कामापासून सुटका आहे, आराम आहे, वेळेवर ताबा आहे. ना समुद्र, ना दरी, ना आलिशान खोली.

माहेरपणाचा आराम किती दिवस टिकतो? भावाच्या घरी आता भावजय आहे, आई थकली आहे, तर तो आराम तसाच राहतो का? ज्यांची आई उरली नाही त्यांचं काय? बघा, आता प्रश्न आला. यात तुलना आहे, काळ आहे, मोजायची गोष्ट आहे. आणि हा प्रश्न तेल अवीवमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये बसून सुचला नसता. तो विचारायला तुम्ही दर्यापुरात, बनोशात, अंजनगावात वाढलेले असणं हीच तुमची पात्रता आहे. मी उष्णतेवर काम करते, त्यामुळे हा विषय मी घेणार नाही. तुमच्यापैकी कोणी घेतला तर मला आनंदच होईल.

तुमच्यासाठी गृहपाठ

कोणतीही एक जाहिरात घ्या. हॉटेलची नको असेल तर क्लासची, खताची, च्यवनप्राशची, कोणतीही. त्यातलं दावा करणारं एक वाक्य वहीत उतरवा आणि त्याखाली सहा ओळी लिहा:

१. यातला गोड शब्द कोणता, आणि मी तो कसा मोजणार?
२. किती वेळा आणि कधी मोजणार?
३. तुलना कोणाशी, आणि त्या दोन गटांत आधीपासूनच कोणते फरक आहेत?
४. कारण म्हणून जे सांगितलंय, त्यात प्रत्यक्षात किती गोष्टी एकत्र मिसळल्यात?
५. अपेक्षित परिणाम केवढा, आणि त्यासाठी किती माणसं लागतील?
६. या नमुन्यात कोण येणारच नाही?

सहा ओळी लिहायला अर्धा तास लागेल. मला ते कळायला सहा महिने लागले आणि एक प्रस्ताव गेला. तुमचे सहा महिने वाचले तर या लेखाचं काम झालं.

आणि हो, लिहून झालं की तो कागद आधी घरी वाचून दाखवा. गाईडच्या आधी आईला. ती जो प्रश्न विचारेल तो हसण्यावारी नेऊ नका, समासात लिहून ठेवा.

भेटू पुढच्या लेखात. तोवर पाणी पीत राहा, दुपारचं ऊन टाळा.